चाड्यावरची मूठ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली सकाळ. रात्री पाऊस पडून गेला होता. चहाचा कप हातात घेऊन आई मागच्या दारातून लॉनवर उतरली आणि शेवटच्या पायरीखालीच थांबली. बराच वेळ हलली नाही. कुंपणाशी येणारा ससा बघत असेल असं मला वाटलं. मग तिने मोकळ्या हाताने हवेत तीन-चार रेघा ओढल्या, काहीतरी मोजल्यासारख्या, आणि मागे न बघता म्हणाली, "नांग्या पडल्यात रं."

पेरलेल्या रानात बी न पडल्याने जी रिकामी जागा राहते, तिला आमच्याकडे नांगी म्हणतात. पीक हातभर झालं की नांग्या भरता येत नाहीत. म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी, कोंब जेमतेम वर आलेले असतानाच, रानाकडे असं उभं राहून बघायचं असतं. आई बार्शी तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात चाळीस वर्षं तसं बघत आली होती. आता ती न्यू जर्सीत, माझ्या घरामागे, तशीच उभी होती.

मी बाहेर आलो. ती उभी होती तिथून पाहिलं, तेव्हा मलाही दिसलं. गवतात पट्टे उठले होते. एक गडद हिरवा, त्याशेजारी फिकट, पिवळसर, पुन्हा गडद, पुन्हा फिकट. कुंपणापासून मेपलच्या झाडापर्यंत सरळ. अडीच आठवड्यांपूर्वी मी खत टाकलं होतं. पट्टे मी चाललेल्या वाटेचेच होते.

इथे लॉनला खत, चुना किंवा तणनाशकाचे दाणे टाकायला एक हातगाडा मिळतो. सगळे त्याला स्प्रेडरच म्हणतात. दोन चाकं, वर प्लास्टिकचं नसराळ्यासारखं निमुळतं टोपलं, त्याच्या तळाला एक भोक आणि भोकावर सरकणारी झडप. झडप किती उघडावी यासाठी आकड्यांची एक तबकडी आणि दांडीवर खटका. भोकाखाली पंख्यासारखी चकती असते. गाडा ढकलला की चाकाचा आस दात्यांमधून ती चकती फिरवतो आणि वरून पडणारे दाणे ती समोर आणि दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात उधळते. दुसऱ्या जातीचा गाडा उधळत नाही, चाळणीतून पडल्यासारखे दाणे सरळ खाली सोडतो, गाड्याच्या रुंदीएवढ्याच पट्ट्यात. तो काटेकोर असतो, पण वेळ खातो, आणि दोन फेऱ्यांमध्ये चार बोटं जागा सुटली तरी ती रेघ महिनाभर दिसत राहते. माझ्याकडे उधळणारा आहे.

बघायला सोपं यंत्र आहे. टोपलं भरा, आकडा लावा, चालत सुटा. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. पोतं लॉनवरच आणून तिथेच टोपलं भरलं. झडप बंद आहे की उघडी, हे बघितलं नाही. पाव किलोभर दाणे एका जागी सांडले. हाताने जमतील तेवढे उचलले, उरलेले झाडाच्या मुळाशी लागतील म्हणून सोडून दिले. आठवड्याने तिथे ताटाएवढा तपकिरी गोल उमटला. खत म्हणजे क्षार. एका जागी जास्त झालं की ते मुळांतलं पाणी ओढून घेतं आणि गवत जळतं. तो गोल भरून यायला सप्टेंबर उजाडला. तेव्हापासून मी टोपलं गाडी उभी करायच्या सिमेंटच्या जागेवरच भरतो. तिथे सांडलेला दाणा झाडूने गोळा होतो.

पण पट्ट्यांचं कारण माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. ते आईने सांगितलं.

आमच्या घरी पेरणीला तिफण होती. बाभळीच्या लाकडाची, तीन फणांची, पुढे लोखंडी फाळ. प्रत्येक फणाच्या पाठीमागून एक पोकळ नळी वर यायची आणि तीनही नळ्या वर एका लाकडी वाटीत जुळायच्या. ती वाटी म्हणजे चाडं. वडील कासरा धरून बैल हाकायचे. आई पदराच्या ओटीत ज्वारीचं बी घेऊन तिफणीमागे चालायची, मूठ चाड्यावर धरायची, आणि बोटांच्या फटीतून बी तीन भोकांत सारखं सोडत राहायची. एकराला चार किलो. म्हणजे गुंठ्याला शंभर ग्रॅम. एवढंसं बी एवढ्या जमिनीवर, तीन नळ्यांत सारखं वाटून, दिवसभर. बैल उताराला जरा जोरात निघाले की मूठ सैल करायची. चढाला रेंगाळले की आवळायची. वळताना बंद. ढेकळात फण अडखळला की बंद. मोजमाप कुठेच नाही, सगळं बोटांत.

ही मूठ ज्याच्या-त्याच्या हाती देत नसत. पेरणीच्या सकाळी चाड्याला हळदकुंकू लागायचं आणि मग आई मूठ धरायची. तिला शेजारच्या वाड्यातूनही बोलावणं यायचं. "उगवून वर आलं की गावाला कळतं, मूठ कुणाची होती," असं ती म्हणायची. मला लहानपणी ते आईने स्वतःचं केलेलं थोडं कौतुक वाटायचं. त्या जूनच्या सकाळी समजलं की ती अक्षरशः खरं बोलत होती. आता माझं लॉन तिच्यापुढे उगवून उभं होतं आणि ती ते वाचत होती.

कप पायरीवर ठेवून ती गवतात उतरली. कुंपणापाशी एक गडद अर्धचंद्र होता. "हितं तू उभा राहून सोडलंस. आदी सोडलंस, मग चाललास." खरं होतं. चालायला लागल्यावर खटका दाबायचा आणि थांबायच्या आधी सोडायचा, हे मला माहीत होतं, पण मी उलट केलं होतं. मेपलच्या अलीकडे दहा-बारा फूट लांबीचा चढ आहे. तिथे पट्टा अरुंद आणि काळपट हिरवा झाला होता. "हितं तुझा पाय जड झाला." पलीकडच्या उताराला तोच पट्टा पसरट आणि फिका. "हितं घाई केलीस." मग मधले पिवळे भाग. तिने दोन गडद पट्ट्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "आन् हितं तू आलाच न्हाईस."

मी तिला गाडा दाखवला. तिने टोपल्यात हात घातला, झडप उघडून बोट आत फिरवलं, चाक हाताने फिरवून चकती फिरते ते बघितलं. "हे चाडं," ती म्हणाली. "मूठ कुठंय?"

मी तिला झडप दाखवली. तिने मान हलवली. झडप एकदा उघडली की उघडीच. दाणे स्वतःच्या वजनाने पडत राहतात, माणूस भरभर चालो की सावकाश. सावकाश चाललं की तेवढ्याच जागेत जास्त दाणे पडतात, वर चकतीही मंद होते, म्हणजे फेक आखूड होऊन ते सगळे जवळच साचतात. भरभर चाललं की उलट. बैलाच्या चालीला बोटांनी जुळवून घेणारं या यंत्रात कोणी नाही. म्हणजे ते जुळवणं पायानेच करायला हवं, चढ असो की उतार, चाल एकच. स्प्रेडरबद्दल मी कितीतरी वाचलं होतं, कुठला घ्यावा, कुठल्या आकड्यावर ठेवावा. पण खताची मात्रा शेवटी माझं पाऊल ठरवतं, हे मला इतकं स्पष्ट तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

उरलेलं अर्धं पोतं गॅरेजमध्ये होतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण पोत्यावरचे तीन मोठे आकडे तिने लांबूनच ओळखले. २४-०-६. अठरा-शेहेचाळीस आणि दहा-सव्वीस-सव्वीस तिने आयुष्यभर ऐकलेलं आहे. नत्र, स्फुरद, पालाश, याच क्रमाने, वजनाच्या टक्क्यांत. जगात कुठल्याही खताच्या पोत्यासमोर तिला उभं करा, ती तेवढं वाचेल.

"मधलं शून्य का?"

हा प्रश्न या राज्यात राहणाऱ्या पुष्कळ जणांनी कधी विचारलेला नसतो. इथे लॉनच्या खतात स्फुरद घालायला कायद्याने बंदी आहे. माती तपासून कमतरता सिद्ध झाली किंवा नवीन गवत पेरायचं असेल तरच घालता येतं. जानेवारी २०११ मध्ये हा कायदा झाला. त्यामागे बार्नेगाट बे आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागून असलेली लांबट, उथळ खाडी. समुद्राशी जोडणारी तोंडं थोडीच, म्हणून आत आलेलं पाणी लवकर बाहेर जात नाही. पावसाबरोबर लॉनवरून वाहून आलेलं खत तिथे साठतं, शेवाळ माजतं, पाण्याखालचं गवत मरतं. मी हे सांगायला लागलो, तर आई मध्येच म्हणाली, "उजनीवानी." उन्हाळ्यात उजनीच्या पाण्याला चढणारा हिरवा रंग तिने पाहिलेला आहे. तिथे पुण्याकडून भीमेत येणारं सांडपाणी, इथे लॉनवरचं खत. पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही.

कायद्यात नत्रालाही माप आहे. घरमालकाने एका वेळी हजार चौरस फुटांना ०.९ पौंडाच्या वर नत्र टाकायचं नाही, आणि वर्षाला ३.२ पौंडांच्या वर नाही. त्यातलं निदान वीस टक्के हळूहळू विरघळणारं हवं. १५ नोव्हेंबर ते १ मार्च काहीच टाकायचं नाही. गोठलेल्या जमिनीवर नाही, मोठ्या पावसाच्या तोंडावर नाही. ओढ्या-तळ्यापासून पंचवीस फूट लांब राहायचं. दाणे सरळ खाली सोडणारा गाडा असेल, किंवा उधळणाऱ्याला एका बाजूने फेक अडवणारी पट्टी लावली असेल, तर दहा फूट. मला हे नियम आवडतात. घरामागचं गवत ही माझी खासगी गोष्ट आहे, पण त्यावरून वाहणारं पाणी माझं नाही, एवढं ते नीट ओळखतात.

हजार चौरस फूट हे माप आईला लगेच कळलं, कारण गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. अमेरिकेतल्या लॉनचं सगळं गणित हजार फुटांवर चालतं, आणि ते आमच्या गुंठ्याच्या इतकं जवळ आहे हे मलाही त्या दिवशीच उमगलं. माझं गवत ४,९०० फूट, म्हणजे साडेचार गुंठे. मग तिने हिशोब विचारला आणि मी कागदावर मांडून दिला. हजार फुटांना ०.९ पौंड नत्र म्हणजे हेक्टरी साधारण ४४ किलो. कोरडवाहू रब्बी ज्वारीला जमिनीच्या खोलीप्रमाणे हेक्टरी ४० ते ६० किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते, पूर्ण पिकाला मिळून.

तो कागद ती बघत राहिली. मीही. एका फेरीत मी गवताला जेवढं देत होतो, तेवढ्यावर आमच्या घरी वर्षाच्या भाकरी उभ्या राहत.

"कापून कुणाला घालता?" तिने विचारलं. इथे गुरं नाहीत. मी कापलेलं गवत बारीक करून तिथेच पडू देतो, ते कुजून त्यातलं नत्र पुन्हा जमिनीत जातं. हे तिला पटलं. "मग एवढं कशाला टाकतोस? ते स्वतःचं स्वतः खातंय की." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानात वर्षाच्या चार पायऱ्यांची चार पोती एकत्र बांधून विकायला ठेवलेली असतात आणि मी ती घेत होतो, एवढंच. आता दोनदा टाकतो, मेअखेर थोडं आणि सप्टेंबरात नीट. इथलं गवत थंडीतलं आहे, केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू, उन्हाळ्यात ते दमतं आणि सप्टेंबरात मुळं धरतं. तेव्हा दिलेलं अंगी लागतं. आणि खरं सांगायचं तर दोन फेऱ्यांनी लॉन आधीपेक्षा वाईट दिसत नाही.

आईचा दुसरा आक्षेप होता तो वरून फेकण्याला. "खत पेरून द्यायचं असतं." आमच्याकडे पुढे दोन चाड्यांची पाभर आली होती. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत, दोन्ही एकदम जमिनीत. वर फेकलेला युरिया उन्हात हवेत उडून जातो हे तिला कृषी सहायकाने वीस वेळा सांगितलेलं. लॉनमध्ये फण घालता येत नाही, गवत कायमचं उभं असतं. म्हणून इथे फणाचं काम पाण्याने करायचं. दाणे कोरड्या पात्यांवर टाकायचे, म्हणजे ते न चिकटता खाली घरंगळतात, आणि मग पाव-अर्धा इंच पाणी द्यायचं. रुंद पानांच्या तणावरचं दाणेदार औषध असेल तर मात्र उलट. ते पानाला चिकटायला हवं, म्हणून पहाटेच्या दवात टाकायचं आणि दिवसभर पाणी द्यायचं नाही. एकच गाडा, एकच चकती, पण पोत्यात काय आहे त्याप्रमाणे सकाळ बदलते.

जुलैत एका शनिवारी आम्ही गाड्याची परीक्षा घेतली. ओव्हनमध्ये वापरतात ते पसरट ॲल्युमिनियमचे ट्रे आणले आणि सिमेंटच्या जागेवर आडव्या रांगेत मांडले, मध्ये चाकांपुरती जागा सोडून. टोपल्यात खत घालून मी त्या रांगेवरून एकाच दिशेने तीनदा गेलो. आई खुर्ची टाकून बसली होती. मग प्रत्येक ट्रेमधले दाणे वेगळ्या पेल्यात ओतून पेले ओळीने ठेवले. कागदावर आलेख काढायची गरजच नव्हती. मधले पेले भरलेले, दोन्हीकडे उतरत गेलेले, आणि उजवीकडचे डावीकडच्यांपेक्षा जास्त. चकती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे तिचा झोक एका बाजूला जातो. फेक एकूण दहा फुटांची होती, पण मधल्याच्या निम्मं तरी पडतंय अशी जागा साडेसहा फुटांचीच. आणि मी फेऱ्या दहा फुटांवर घेत होतो, दाणे दिसतात तिथपर्यंत खत पोहोचलं असं समजून. पिवळे पट्टे तिथले होते.

आईने शेवटचा पेला उचलला. तळाला सात-आठ दाणे होते. "हे पडलं म्हणायचं न्हाई," ती म्हणाली. "हे नुसतं सांडलंय."

मग वजन. हजार फुटांचा तुकडा दोरीने आखला. २४ टक्क्यांच्या खताचं ०.९ पौंड नत्र म्हणजे पावणेचार पौंड खत, आणि ते दोन आडव्या-उभ्या फेऱ्यांत द्यायचं म्हणून एका फेरीला त्याच्या निम्मं, दोन पौंडांना जरा कमी धरा. दहा पौंड मोजून घेतले, पोत्यावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर झडप ठेवली, चाललो, उरलेलं मोजलं. अडीच पौंडांच्या वर पडलं होतं. पोत्यावरचा आकडा हा फक्त सुरुवातीचा अंदाज असतो. झडप झिजलेली असते, दाणा लहानमोठा असतो, आणि पोतं छापणाऱ्याने माझी चाल पाहिलेली नसते. आकडा खाली आणत चौथ्या वेळेला जमलं. ती खूण मी तबकडीवर पक्क्या शाईने केली.

चालीचंही माप घेतलं. तासाला तीन मैल धरतात, म्हणजे दहा सेकंदांत चव्वेचाळीस फूट. कुंपण आणि मेपलच्या मध्ये तेवढं अंतर दोन काठ्या रोवून ठेवलं आणि मी रिकामा गाडा घेऊन ये-जा करायला लागलो. आई घड्याळ न बघता सांगायची, आता बरोबर, आता पळतोयस. पाच-सहा खेपांनंतर म्हणाली, "ही बैलाची चाल न्हाई. बाजाराला निघालेल्या माणसाची चाल हाय." ते मला सेकंदांपेक्षा उपयोगी पडलं. अजूनही दांडी धरली की मी मनात बाजाराला निघतो.

मध्ये गणपती आले. आईने दूर्वांसाठी अख्खं लॉन पालथं घातलं. दूर्वा म्हणजे हराळी, आणि ती मिळाली नाही. हीच हराळी तिने काळ्या रानातून कुदळीने खणून काढत हात सोलून घेतले होते. एक गाठ मातीत राहिली की पावसाळ्यात पुन्हा उभी. अमेरिकेच्या दक्षिणेकडे तिचीच लॉन करतात, पण आमच्या थंडीत ती फारशी टिकत नाही. शेवटी ओक ट्री रोडवरच्या दुकानातून जुडी आणली. एकवीस मोजताना आई म्हणाली, "आयुष्यभर शिव्या दिल्या हिला," आणि जुडी डोळ्यांना लावली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. गावाकडे चांगला पाऊस झाला होता, रान वापशावर येतंय, दोन दिवसांत पेरणी. आता तिथे ट्रॅक्टर येतो, चाड्याला आता मूठ लागत नाही. आई फोन ठेवून खिडकीशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "आपलं पण उरकून घे."

सकाळी नऊ वाजता, दव वाळल्यावर सुरुवात केली. वारा नव्हता. आधी दोन्ही टोकांना आडव्या दोन फेऱ्या, वळायची जागा म्हणून. त्या पट्ट्यात पोहोचलं की खटका सोडायचा आणि झडप बंद करून वळायचं, म्हणजे वळणावर दुप्पट पडत नाही. मग उभ्या फेऱ्या साडेसहा फुटांवर, प्रत्येक वेळी आधीच्या चाकाची रेघ बघत. मग तसंच आडवं. चढाला पाय जड होऊ दिला नाही. दाणे पानांवर टपटप पडतात तो आवाज, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा, मला फार आवडतो.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक अडीच फुटांची पट्टी आहे. तिथे उधळणारा गाडा नेला तर निम्मं खत डांबरावर जातं, आणि डांबरावरचं थेट गटारात. गटाराच्या तोंडाशी माशाचं चित्र असलेली गोल पाटी बसवलेली आहे. इथलं पाणी न गाळता ओढ्याला मिळतं, असं ती सांगते. आमच्याकडचं ते पुढे रॅरिटन नदीत जातं. ती पट्टी आईने मागून घेतली. मी तिच्यापुरतं खत वजन करून डब्यात दिलं, हातमोजे दिले. ती वाकली नाही, बसली नाही. डबा कमरेला लावून, संथ पावलांनी, मुठीतून सोडत गेली आणि परत आली. डबा रिकामा झाला तेव्हा पट्टीही बरोबर संपली होती. मग झाडू घेऊन फुटपाथवर उडालेला दाणा न दाणा तिने गवतात लोटला. बांधावर सांडलेलं बी ती असंच गोळा करायची.

दहा-बारा दिवसांनी लॉन एकसारखं हिरवं झालं. ऊन तिरपं असतानाही पट्टा दिसत नव्हता. पण रस्त्याकडच्या पट्टीत तीन ठिकाणी गडद ठिपके होते, मुठी मोकळ्या झाल्या तिथे. आई रोज संध्याकाळी फिरून येताना तिथे थांबायची. मी म्हणालो, पुढच्या खेपेला बरोबर होईल, गवत आहे, जुळून येतं. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना.

"चाड्यावरची मूठ वेगळी," ती शेवटी म्हणाली. "खाली भोक असतं, ते सांभाळून घेतं. फेकायचा हात तुझ्या वडिलांचा होता." भुईवर खत फोकायचं काम वडील करायचे, हे मी विसरलो होतो. हात मागे नेऊन, कमरेतून वळून, सुपातून पाखडावं तसं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. ती अमेरिकेतल्या फुटपाथवर उभी राहून त्यांच्या हाताची फेक आठवत होती, आणि मी पहिल्यांदाच ती नीट आठवायचा प्रयत्न करत होतो. उजवा हात होता की डावा, तेवढंही मला सांगता येईना.

ऑक्टोबरच्या शेवटी ती गावी परतली. १५ नोव्हेंबरच्या आत मी गाडा धुतला. खताचा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, धातू खातो आणि झडपेपाशी दगडासारखा जमतो, म्हणून धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा लागतो. आसाला तेल दिलं आणि गॅरेजच्या भिंतीला उलटा टांगला. माती तपासून आणली होती, आम्लता जास्त निघाली, म्हणजे चुना टाकायला हवा. हे फोनवर सांगितलं तेव्हा आईला नवल वाटलं. आमच्या रानात टिकाव मारावा तिथे चुनखडी लागते, आणि हा चुना विकत आणून टाकणार.

एप्रिलमध्ये फॉर्सिथियाची झुडपं पिवळ्या फुलांनी भरली. जमिनीला तेव्हा ऊब येऊ लागते आणि क्रॅबग्रास या तणाचं बी रुजायच्या बेतात असतं, म्हणून त्याला उगवू न देणारे दाणे याच दिवसांत टाकायचे. इथे नांगी फार महागात पडते. जिथे दाणा पडला नाही, तिथे नेमकं तण उगवतं. शनिवारी सकाळी टोपलं भरत होतो तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. थांब म्हणालो तर म्हणाली, "तू कर तुझं, मी हाय." मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि निघालो.

एक फेरी, दुसरी फेरी. ती काही बोलत नव्हती. मागे तिकडचा कुत्रा भुंकत होता. चकतीचे दाते चाकाबरोबर टकटकत होते, तेवढाच आवाज. तिसऱ्या फेरीला मेपलपाशी आलो.

"चढ आला का रं?" खिशातून आवाज आला.

मी पाऊल उचललं.

"हां," आई म्हणाली. "आता बरोबर."